वरच्या रानातले दगड

उन्हं तापायच्या आत पाटी भरायची, डोक्यावर घेऊन बांधाशी उभ्या असलेल्या गाडीत ओतायची आणि परत येऊन वाकायचं. सकाळपासून हेच चाललं होतं. काळीवालीची कंबर कधीच बोलायला लागली होती, पण तोंडानं काही हार मानली नव्हती. मदतीला आलेल्या बायकांना ती सांगत होती, आमच्या माहेरी कुत्र्याला मारायला दगड हवा असला तर शेजारच्या गावाहून उसना आणावा लागतो. बायका खुदुखुदु हसत होत्या. एकीनं विचारलं, मग तुमच्याकडची कुत्री फार माजली असतील. दुसरी म्हणाली, यातल्या दोन गाड्या माहेरीच पाठवून द्या, भावाला भेट म्हणून. हसता हसता पाट्या भरत होत्या आणि रान हळूहळू उघडं पडत होतं.

तिला सारं गाव काळीवाली म्हणे. परक्या माणसाला वाटे, रंगावरून नाव पडलं असेल. मग तिला बघितलं की तो बुचकळ्यात पडे, कारण बाई चांगली गोरी, उन्हात तांबूस होणारी. नाव पडलं होतं ते तिच्या माहेरच्या जमिनीवरून. खालच्या सपाटीवरची खोल काळी जमीन, बोट घालावं तर कोपरापर्यंत हात जाईल अशी. लग्न होऊन या डोंगराकडच्या गावात आली तेव्हापासून प्रत्येक गोष्टीत तिची ती काळी आडवी यायची. आमच्या काळीत असं, आमच्या काळीत तसं. लोकांनी शेवटी नावच ठेवून टाकलं. तिलाही त्याचं वाईट वाटत नसे. उलट बरं वाटे.

आणि ज्या रानात ती वाकली होती ते होतं तिच्या नणंदेचं, आक्काचं.

वरचं रान म्हणजे टेकडीच्या कुशीला लागलेला उताराचा तुकडा. माती हलकी, तांबूस, आणि तिच्यावर दगडच दगड. मुठीएवढे, वाटीएवढे, काही तान्ह्या मुलाच्या डोक्याएवढे. लांबून पाहिलं तर इथं काही पिकतं यावर कुणाचा विश्वास बसला नसता. पण दर साली दगडांच्या फटीफटीतून पीक वर यायचं. ताटं ठेंगणी असत, कणसं बारीक असत, पण दाण्यानं भरलेली असत. आजूबाजूची सगळीच रानं तशी होती. पेरा उताराला आडवा, वरून पाणी ज्या वाटेनं येई तिथं जरा मोठ्या धोंड्यांची ओळ, बाकी सगळीकडं पसरलेले दगड. काळीवालीला मात्र ते बघितलं की अंगावर खरकटं पडल्यासारखं वाटे. तिच्या माहेरी शेतात दगड दिसला तर घरधन्याला खाली बघावं लागे.

आक्का म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. सासरी फार दिवस नांदली नाही. का, ते कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. बापानं जाण्यापूर्वी वरचं रान तिच्या नावानं करून दिलं. रानाच्या डोक्याशी पत्र्याची एक खोली होती, तिथं ती राहायची, आपलं आपण रांधायची. सुगी झाली की एक पाटी धान्य डोक्यावर घेऊन खाली भावाच्या घरी यायची, उंबऱ्यावर पाटी टेकवायची, म्हणायची, "वरचं आहे." पाणी पिऊन परत. भावाच्या ताटात जेवायची वेळ तिनं स्वतःवर कधी येऊ दिली नव्हती. ती पाटी ठेवताना तिची मान जेवढी ताठ असे तेवढी एरवी कधी नसे.

त्या थंडीत मात्र आक्का आजारी पडली. तापानं इतकी खंगली की भावानं तिला गाडीत घालून खाली आणली. काळीवालीनं तिचं सगळं केलं. अंग पुसलं, केस विंचरले, घास भरवले, रात्री-अपरात्री उठून पाठ चोळली. पोटच्या मुलीनं केलं नसतं इतकं केलं, आणि तोंड वाकडं न करता केलं. पुढं जे घडलं त्यात हेही खरं होतं, हे विसरून चालत नाही.

त्याच दिवसांत तिच्या डोक्यात भिंतीनं घर केलं. त्यांच्या घराचं आवार तिन्ही बाजूंनी उघडं होतं. कुणाचीही जनावरं यायची आणि गोठ्यापुढचा चारा फस्त करून जायची. शेजारच्या भोंग्यानं आदल्या वर्षी आपल्या आवाराला भिंत घातली होती आणि दिवसातून दोनदा तिच्याभोवती फेरी मारून तिचं कौतुक करत होता. भोंगा हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हे. त्याला हळू बोलता येत नसे, एवढंच. काळीवालीनं गवंड्याला बोलावलं. त्यानं आवार फिरून पाहिलं, जमिनीवर काठीनं रेघ मारली आणि म्हणाला, भिंत उभी करून देतो, पण दगडाचं काय? खाण लांब. आणि मग डोळे बारीक करून टेकडीकडं पाहत त्यानंच सुचवलं, वर एवढा घरचा दगड उघड्यावर पडलाय की.

संध्याकाळी ती आक्काचं ताट घेऊन खाटेशी बसली. घास कालवता कालवता तिनं विषय काढला. वन्सं, तुमचं रान मी साफ करून देते. सगळा दगड काढून टाकू, आमच्याकडं जमीन असते तशी करू. तुम्हाला चालताना ठेच लागायला नको, कोळपं कसं लोण्यासारखं चालेल बघा. भिंतीचं तिनं शेवटी सांगितलं, जाता जाता आठवल्यासारखं.

आक्का घास चावत राहिली. मग म्हणाली, "असू देत गं. जागच्या जागी बरे असतात."

काळीवाली हसली. म्हणाली, तुम्हाला उगीच भीड वाटते. मला काही जड नाही.

दुसऱ्या दिवशी केस विंचरताना तिनं पुन्हा विचारलं. आक्काचा चेहरा भिंतीकडं होता. ती म्हणाली, "तुझी मर्जी."

तर अशी ती मर्जी. गाड्या भरून दगड खाली आला. नवरा एकदा वर येऊन गेला, उघडं पडलेलं रान बघून त्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, थोडे राहू द्या तिथं, सगळेच नका काढू. ती म्हणाली, अर्धंमुर्धं काम मला जमत नाही. तो गेला. कोपऱ्यात एक काटेरी झुडूप होतं, तिथं गाडी वळेना, म्हणून तेवढी एक पट्टी दगडांसकट राहिली. बाकी रान असं झालं की परडीत घेऊन मिरवावं.

खाली भिंत चढत गेली. गवंड्यानं ओळंबा लावून, सुतळी ताणून, जिथं दगड बसेना तिथं हातोड्यानं कोपरे उडवून अशी नेटकी रचली की येणारा-जाणारा थांबून हात फिरवी. भोंग्याची भिंत तिच्यापुढं म्हाताऱ्याच्या दातांसारखी दिसू लागली. तोही मोठ्या मनानं कबूल करी, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. वर म्हणे, आणि नणंदेचं रान साफ करून दिलं ते वेगळंच. असं कोण कुणाचं करतं?

आक्काच्या अंगात बळ आलं तशी ती वर आपल्या खोलीत गेली. दारात उभं राहून तिनं रान पाहिलं. काळीवाली कौतुकाच्या अपेक्षेनं शेजारी उभी होती. आक्का म्हणाली, "मोकळं दिसतंय." एवढंच.

पाऊस झाला. पेरणीपूर्वी काळीवालीनं माहेरच्या पद्धतीनं आक्काच्या रानातली माती चांगली भुसभुशीत करून घेतली. तिच्या काळीत तेच करायचे. वरचा थर मोकळा ठेवायचा, भेग दिसली की कोळप्यानं बुजवायची, म्हणजे खालची ओल वर उडून जात नाही. सांगणाऱ्यांनी तिला खोटं सांगितलं नव्हतं. ते सपाटीवरचं ज्ञान होतं आणि सपाटीवर ते खरं होतं. पण एका दुपारी टेकडीवर आभाळ फुटल्यासारखा पाऊस कोसळला आणि ती भुसभुशीत माती धरून ठेवायला उतारावर काही नव्हतं. रानभर बोटं ओढल्यासारखे ओघळ पडले. खालच्या ओढ्याचं पाणी दोन दिवस तांबडं वाहत होतं. लोक म्हणाले, केवढा पाऊस. काळीवालीही म्हणाली, केवढा पाऊस.

तरी पीक उगवलं. इतकं एकसारखं उगवलं की तिला वाटलं, जिंकलं. दोऱ्यात ओवल्यासारख्या ओळी. मग पावसानं दडी मारली.

दर वर्षी तो मारतोच. त्या गावाला त्याचं नवल नव्हतं. माणसं आभाळाकडं बघत, कामं करत आणि वाट पाहत. आजूबाजूच्या रानांत पिकं दुपारी माना टाकत आणि सकाळी परत उभी राहत. आक्काच्या रानातल्या पिकानं मान टाकली ती टाकलीच. जमिनीनं वर कडक पापडी धरली होती, चालताना पायाखाली वाजत होती.

काळीवाली एके दिवशी वर गेली ती चारा कापायला. कोपऱ्यातल्या झुडपाशी आली आणि थबकली. राहून गेलेल्या त्या पट्टीत, दगडांच्या मधून, पीक हिरवंगार उभं होतं. हातभर पलीकडं पिवळं, अलीकडं हिरवं. मध्ये रेघ मारल्यासारखं. प्रथम तिला वाटलं, झुडपाची सावली असेल. पण सावली दुसऱ्या अंगाला पडत होती. ती खाली बसली आणि एक दगड उलटा केला.

खालची माती काळसर ओली होती. गार लागली हाताला. एक किडा अंग मुडपून पडला होता आणि पांढऱ्या मुळांचं जाळं दगडाच्या पोटाला चिकटून होतं. तिनं शेजारचा दगड उचलला, तिसरा उचलला. मग उठून मोकळ्या रानात गेली, विळ्यानं पापडी फोडली, खणत गेली. विळ्याचं पातं बुडेपर्यंत नुसती धूळ.

ती तिथंच बसली. चारा कापायचा राहिला. तिला आक्काचा एक एक शब्द आठवत होता. जागच्या जागी बरे असतात. त्या वेळी ऐकू आलं नव्हतं असं तिला म्हणायचं होतं, पण ते खोटं ठरलं असतं. तिनं नीट ऐकलं होतं. ऐकून एक क्षण तिच्या मनात आलंही होतं की या बाईला काहीतरी सांगायचंय, ते विचारावं. पण विचारलं असतं तर भिंत झाली नसती. म्हणून तिनं त्या वाक्याला भीड म्हणून टाकलं होतं. चूक तिला कळत नव्हती, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं आता तिच्या हातात दगडासारखं पडलं होतं.

घरी येऊन ती काही बोलली नाही. पाऊस आला तर सगळं भरून निघेल, असं मनाशी म्हणत राहिली. पाऊस आला, पण उशिरा, आणि आक्काच्या रानात तोवर जगवण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाकीच्यांची कणसं बारीक का होईना, भरली. आक्काची पाटी त्या वर्षी खाली आली नाही. आक्काच खाली आली. भाऊ वर गेला आणि बोचकं खांद्यावर टाकून तिला घेऊन आला.

खरं वाईट इथून पुढं झालं. गावानं काळीवालीला डोक्यावर घेतलं. भोंगा तर गल्लीच्या तोंडाशी उभा राहून सांगे, भावजय असावी तर अशी. आधी आजारपण काढलं, मग रान साफ करून दिलं, आता घरात घेतलं. पाण्यावर भेटणाऱ्या बायका म्हणत, तुझ्या हाताला पुण्य आहे गं. प्रत्येक शब्द तिला निखाऱ्यासारखा लागे, आणि ती मान खाली घालून उभी राही, तर लोक म्हणत, बघा किती साधी आहे.

घरात आक्का पाहुणीसारखी वागत नव्हती. पाहुणी असती तर बरं झालं असतं. ती मोलकरणीसारखी वागत होती. सगळ्यांच्या आधी उठून आवार झाडायची, गोठा आवरायची, भांड्यांना हात लावू नका म्हटलं तरी घासून ठेवायची. जेवायला बसली की दुसऱ्यांदा वाढायच्या आतच ताटावर हात धरायची. पुरे. काळीवाली आग्रह करी, आक्का म्हणे, भूक नाही गं आताशा. वरच्या खोलीत हीच बाई दोन माणसांचं जेवायची, हे काळीवालीनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

आवार झाडता झाडता आक्का कधी कधी भिंतीशी थांबे. एखाद्या दगडावर हात ठेवी. कुठला कुठं पडलेला असायचा ते तिला ठाऊक असणारच. आयुष्य त्यांच्यातून चालण्यात गेलं होतं. मग परत झाडू लागे. काळीवाली हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाही आणि तिच्या हातातलं काम तसंच राही.

लोक आता रानाबद्दलही बोलू लागले होते. बाकीच्यांचं पिकलं, आक्काचंच का नाही? तर म्हणे, आक्काच्यानं आता होत नाही. आजारपणानं हात गेला तिचा. वेळेवर लक्ष दिलं नाही. हे बोलणं तोंडातोंडी फिरत घरात आलं, आणि एका सकाळी नवरा, भोंगा आणि गवंडी ओसरीवर बसले असताना त्याचा निर्णय झाला. नवरा म्हणाला, वरचं रान मीच बघतो आता. आक्कानं इथंच राहावं, तिला कशाची ददात पडू देणार नाही. भोंगा म्हणाला, शहाणपणाचं बोललास. गवंडी म्हणाला, मग त्या खोलीचे पत्रे तरी कशाला उन्हात तापत ठेवायचे, उतरवून आणू, गोठ्याला होतील. उद्याच जाऊ.

आक्का उंबऱ्याशी धान्य निवडत होती. तिचा हात सुपात थांबला. कुणाकडंही बघितलं नाही तिनं. मग हात परत चालू लागला, पण आता ती खडे टाकत नव्हती, नुसती दाणे इकडचे तिकडे करत होती.

काळीवालीनं हे आतून पाहिलं. ती हातातलं पीठ तसंच घेऊन ओसरीवर आली.

"पत्रे काढायचे नाहीत," ती म्हणाली.

नवऱ्यानं वर पाहिलं. "का गं?"

"वन्संचा हात चुकलेला नाही. दगड मी उचलले म्हणून रान वाळलं. कोपऱ्यात राहिलेत तिथं पीक उभं होतं, मी बघितलंय. आधीच बघितलंय. बोलले नाही."

ओसरीवर कुणालाच आश्चर्य वाटलं नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं. नवरा पायाच्या अंगठ्याकडं पाहत होता. गवंडी विडी शोधू लागला. भोंग्यानं खाकरल्यासारखं केलं आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाला, तसं वरच्या रानांतला दगड काढत नाहीत म्हणा. माझा बाप काढू देत नसे.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

आक्कानंच हो म्हटलंय असं ऐकलं, भोंगा पुटपुटला. दुसऱ्याच्या रानात कोण तोंड घालणार? नवरा म्हणाला, मी थोडे ठेवा म्हटलं होतं. मग त्यालाच ते लंगडं वाटलं असावं, कारण तो उठून उगीचच गोठ्याकडं गेला.

काळीवाली उंबऱ्यापाशी गेली, आक्काच्या समोर बसली. पिठानं माखलेले हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना.

"वन्सं, तुम्हाला तर सगळं माहीत होतं. मला एकदा दरडावून का नाही सांगितलं?"

आक्कानं सूप बाजूला ठेवलं. तिनं काळीवालीकडं पाहिलं, रागानं नव्हे, एखादी वाट लांबची आहे का जवळची ते बघावं तसं.

"तू विचारलंस तेव्हा तुझ्या हातात माझं ताट होतं," ती म्हणाली. "त्या हातातला घास गिळायचा आणि त्याच तोंडानं नाही म्हणायचं? मला नाही जमलं. अंगात ताकद असती, माझ्या चुलीपाशी बसले असते, तर तुला पाटीसकट परत पाठवली असती."

काळीवालीला रडू आलं. पण आक्काच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तेव्हा तिनंही ते आवरलं. तिला वाटलं, आता ही म्हणेल, जाऊ दे, झालं ते झालं. आक्का तसं म्हणाली नाही. सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी पत्रे उतरवायला कुणी वर गेलं नाही. काळीवालीनं पहार घेतली आणि भिंतीचा वरचा थर ढिला करायला लागली. पहिला दगड पडला त्या आवाजानं गल्ली गोळा झाली. गवंड्याचा जीव तुटत होता. तो आपला दगडा-दगडाला हात लावून म्हणे, असा सांधा पुन्हा जुळायचा नाही, बाई. एवढी राहू दे की. खाणीतून दुसरा दगड आणून टाकू वर. तिनं विचारलं, खाणीतला दगड त्या मातीला ओळखतो का? हे तिला कुठून सुचलं कुणास ठाऊक. गवंडी घरी गेला आणि दुसरी पहार घेऊन आला. स्वतःची भिंत दुसऱ्या कुणी धसमुसळेपणानं पाडावी हे त्याला सोसलं नसतं.

गाड्या वर जाऊ लागल्या तशी चेष्टाही सुरू झाली. लोक शेतातून दगड काढतात, ही बाई गाडीनं नेऊन टाकते. माहेरच्या काळीनं डोकं काळं केलं म्हणावं. वाटेवरच्या रानातून एकजण ओरडून विचारी, पेरा किती दगडांचा करणार? नवरा खाली मान घालून बैल हाकत होता. काळीवाली मात्र गाडीमागून चालत ऐकून घेत होती. चेष्टा तिला कौतुकापेक्षा सोपी जात होती.

वर पोचल्यावर तिला वाटलं, आता गाडी पालथी केली की झालं. आक्कानं हात आडवा केला.

"ओतायचे नाहीत. मांडायचे."

आणि मग तिनं दाखवलं. प्रत्येक दगडाला एक पोट असतं, जमिनीत राहून काळवंडलेलं, आणि एक पाठ असते, उन्हानं फिकट झालेली. पोट खाली. पाणी ज्या वाटेनं येतं तिथं मोठे, एकमेकांना खेटून. वरच्या अंगाला विरळ, खाली दाट. पेरायच्या ओळी मोकळ्या सोडायच्या, फार मोकळ्या नाहीत. गवंड्यानं हातोड्यानं उडवलेले कितीतरी दगड आता पोट-पाठ ओळखू न येण्यासारखे झाले होते. काळीवाली असा एक हातात धरून उभी राहिली. आक्कानं तो तिच्या हातातून घेतला, फिरवून पाहिला, म्हणाली, "हा आता कसाही ठेव." तो तुकडा काळीवालीनं किती हळू ठेवला.

जिथं ओघळ पडले होते तिथं खालचा मुरूम उघडा पडला होता. तिथं आक्का थांबली. ही माती परत यायची नाही, ती म्हणाली. दगड धरतील, हळूहळू वरून येणारी साठेल. पण त्याला वेळ लागेल. माझ्या हयातीत लागेल की नाही सांगता येत नाही. हे ती तक्रारीनं बोलली नाही. काळीवालीला वाटलं, तक्रार केली असती तर काहीतरी उत्तर देता आलं असतं.

शेवटची गाडी रिकामी झाली त्या दिवशी आक्कानं बोचकं उचललं आणि वर राहायला गेली. तिच्यापाशी धान्य नव्हतं, ते काळीवालीनंच पोचवलं. आक्कानं ते घेतलं. पण घेताना म्हणाली, "हे उसनं." आणि काळीवालीनं नाही म्हटलं नाही. एवढं तिला आता कळत होतं.

पुढल्या साली पेरणी झाली. कोळपं पुन्हा दगडांवरून खडखडत चाललं, ओळी वाकड्यातिकड्या आल्या. मध्ये पावसानं नेहमीसारखी दडी मारली. काळीवालीला घरात बसवेना. कामाचं निमित्त काढून ती वर जाई, इकडंतिकडं बघे, खाली बसून एक दगड उचले. खाली ओल असे किंवा नसे. बहुतेक ठिकाणी नसे. कुठं नखाएवढी काळसर खूण दिसली की तिच्या जिवात जीव येई, मग ती दुसरा उचले, तिसरा उचले. दोन दिवसांनी परत येई आणि तेच दगड पुन्हा उलटे करून पाही. पीक उभं होतं, पण तरारलेलं नव्हतं. जगेल की नाही, त्याचं त्यालाही ठरवता येत नसावं.

एका दुपारी ती अशीच वाकली असताना मागून सावली पडली. आक्का होती, डोक्यावर पदर, हातात खुरपं.

"तो खाली ठेव," आक्का म्हणाली.

तिनं ठेवला, पोट खाली. आक्कानं पायानं तो जरा दाबून बसवला.

"सारखं उचलून बघू नकोस. उचललास की वाळतो."

काळीवाली उठली. कपाळावरचा घाम पुसला. किती दिवस आपण काय करत होतो ते तिला एकदम दिसलं, आणि कुठं बघावं ते कळेना.

"मग कळायचं कसं, वन्सं? ओल धरली की नाही ते?"

"पीक सांगेल," आक्का म्हणाली. ती खुरपायला वाकलीही होती. "या साली नाही सांगितलं तर पुढच्या साली."

"आणि पुढच्या साली नाही सांगितलं तर?"

आक्कानं तण उपटून दगडाच्या आडोशाला टाकलं, पुढं सरकली.

काळीवाली एक पाऊल पुढं आली. मदत करू का म्हणून विचारावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आक्काची पाठ तिच्याकडं होती आणि हात चालू होते, आपल्या रानात, आपल्या वेगानं. ती वाटेला लागली. उतरणीवर दोन्ही अंगांना दगडच दगड होते, उन्हात पाठी फिकट करून पडलेले. तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले आणि एकालाही न शिवता खाली आली.